स्वेन काउंटी: एक तळं, एक बोगदा आणि अर्धवट राहिलेला रस्ता

आई-बाबा एप्रिलमध्ये कऱ्हाडहून आले आणि ओळखीतल्या सगळ्यांनी लगेच याद्या पाठवल्या, नायगरा, न्यूयॉर्क, ऑरलँडो. बाबांना त्यातलं काहीच नको होतं. उभी हयात पाटबंधारे खात्यात गेलेला माणूस, त्यांनी फोनवर नकाशा मोठा करत करत अटलांटाच्या उत्तरेला एक लांबुळकं, जागोजागी फाटे फुटलेलं निळं पाणी शोधून काढलं आणि म्हणाले, हे तळं देवानं केलेलं नाही, याच्या एका टोकाला धरण असणार, ते दाखव. ते निघालं फोंटाना लेक. नॉर्थ कॅरोलायनाच्या पार पश्चिमेला, स्मोकी माउंटन्सच्या कुशीत, आणि त्याचा बराचसा भाग स्वेन काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा). मग मेमोरियल डेच्या, म्हणजे मेअखेरच्या सोमवारी येणाऱ्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, लाँग वीकेंडला मंगळवारची रजा जोडली, ब्रायसन सिटीच्या जरा बाहेर किचनवाली केबिन घेतली आणि निघालो. किचन कशाला म्हणाल तर आईने भाजणीचा डबा आधीच भरून ठेवला होता, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

शुक्रवार

अटलांटाकडून ४४१ नंबरचा हायवे धरला की टल्युला फॉल्स, क्लेटन, डिलर्ड करत करत जॉर्जिया संपतं. एरवी तीन तासांचा रस्ता पण लाँग वीकेंड म्हटल्यावर अख्खं शहर आमच्या पुढे. क्लेटनच्या पुढे रस्त्याकडेला एक टपरीवजा दुकान दिसलं, बाहेर पाटी 'बॉइल्ड पीनट्स', आत मोठ्या भांड्यात मिठाच्या पाण्यात शेंगा उकळतायत. आईला मी काही सांगायच्या आत ती उतरून भांड्यापाशी. इतकी वर्षं अमेरिकेत राहून मी या शेंगा कधी घेतल्या नव्हत्या, आणि तिने एक सोलून तोंडात टाकली आणि जाहीर केलं की मीठ जरा जास्त झालंय पण शिजल्यात चांगल्या. दोन पिशव्या घेतल्या. फ्रँकलिन येईपर्यंत गाडीत नुसती टरफलं.

डिल्सबोरोपासून ७४ नंबरचा मोठा रस्ता लागतो आणि तिथून ब्रायसन सिटी अगदी जवळ. नावात सिटी आहे पण वस्ती दीड हजाराच्या आसपास, मधून टकसीगी नदी वाहते, एक मुख्य रस्ता एव्हरेट स्ट्रीट, त्यावर रेल्वेचं स्टेशन, दोन-चार कॅफे, ट्राउट मासे पकडायच्या सामानाची दुकानं, आणि हो, दक्षिण अपलाचियामधल्या फ्लाय फिशिंगचं चक्क म्युझियम. पूर्वी या गावाचं नाव चार्ल्सटन होतं, पण दक्षिणेत मोठी चार्ल्सटनं आधीच असल्यामुळे १८८९ मध्ये ते बदलून इथल्याच एका कर्नल ब्रायसनचं नाव दिलं. काउंटी त्याआधी १८७१ मध्ये जॅक्सन आणि मेकन या दोन काउंट्यांचे तुकडे जोडून केलेली, तिला डेव्हिड स्वेन या जुन्या गव्हर्नरचं नाव. अख्ख्या काउंटीत १४ हजारांच्या वर थोडेच लोक राहतात.

केबिनवर पोचेपर्यंत अंधार पडायला आलेला. बाबांचा पहिला प्रश्न, एवढी मोठी काउंटी आणि माणसं एवढीशी, मग जमीन आहे कुणाकडे? प्रश्न बरोबर होता. इथली ८० टक्क्यांहून जास्त जमीन नॅशनल पार्क, नॅशनल फॉरेस्ट आणि चेरोकी या इथल्या मूळ जमातीची मिळून आहे. म्हणजे काउंटीला घरपट्टी-जमीनपट्टी मिळणार ती उरलेल्या जेमतेम जमिनीवर. त्यामुळे शाळा काय, रस्ते काय, सगळं टुरिस्टवर चालतं. 'अच्छा, म्हणजे दृश्य सगळं यांचं आणि सातबारा दुसऱ्याचा,' बाबा म्हणाले आणि थालीपीठ खायला बसले.

शनिवार

सकाळी आधी जुन्या कोर्टात गेलो. १९०८ ची घुमटवाली देखणी इमारत, आता खाली व्हिजिटर सेंटर आणि वर हेरिटेज म्युझियम. तिकीट नाही. लेकीला वाटलं पाच मिनिटांत सुटका होईल, पण बाबा आणि आई दोघंही एकेका फोटोपुढून हलेनात. ते फोटो आणि नकाशे बघूनच आम्हाला पहिल्यांदा नीट कळलं की आपण कुठे आलोय.

गोष्ट अशी आहे. १९४२ च्या जानेवारीत, म्हणजे पर्ल हार्बरनंतर महिनाभरात, टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी म्हणजे टीव्हीए या केंद्र सरकारच्या धरणं-विजेच्या संस्थेने लिटल टेनेसी नदीवर फोंटाना धरण बांधायला घेतलं. विमानांसाठी अॅल्युमिनियम हवं होतं आणि अॅल्युमिनियमला वीज लागते ती बेसुमार. धरणाची जागा खरं तर अल्कोआ या अॅल्युमिनियमच्या कंपनीने फार आधीपासून हेरून ठेवलेली, ती त्यांनी टीव्हीएला दिली. पुढे ओक रिजला अणुबॉम्बचं काम चाललं होतं तिकडेही टीव्हीएचीच वीज गेली. तीन पाळ्यांत, दिवसरात्र काम, १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये पाणी अडवायला सुरुवातसुद्धा झाली. या पाण्याखाली आणि पाण्यापायी गावं उठली, जडसन, आमंड, बुशनेल, प्रॉक्टर, आणि शेजारच्या ग्रॅहम काउंटीत तर जपान नावाचं एक खेडं होतं, जपानशी लढाई चालू असतानाच तेही बुडालं. हजारावर कुटुंबांना घरं सोडावी लागली.

आता यातला खरा गुंता. तळ्याच्या उत्तरेच्या काठावरची सगळीच जमीन काही पाण्याखाली जाणार नव्हती. पण तिकडे जाणारा एकमेव रस्ता, २८८ नंबरचा, तो मात्र जाणार होता. युद्धाच्या दिवसांत नवीन रस्ता बांधणं परवडणार नाही म्हणून सरकारने ठरवलं की रस्ताच नको, माणसंच हलवा. सुमारे ४४ हजार एकर जमीन घेऊन ती नॅशनल पार्कला जोडली. आणि १९४३ मध्ये केंद्र सरकार, राज्य, टीव्हीए आणि काउंटी असा चौघांचा करार झाला की युद्ध संपल्यावर पैसे मंजूर झाले की उत्तर काठाने नवीन रस्ता बांधून देऊ. या लोकांना रस्ता कशाला हवा होता? कारण त्यांच्या आजे-पणज्यांची थडगी तिकडेच, डोंगरात होती. जी थडगी पाण्याखाली जाणार होती ती काढून दुसरीकडे नेली. जी उंचावर होती ती तशीच ठेवली, रस्ता होणारच आहे ना, मग जाता येईल की, या भरवशावर. आणि कहर म्हणजे जो जुना रस्ता बुडाला तो काउंटीने कर्ज काढून बांधला होता, पाण्याखाली गेलेल्या त्या रस्त्याचं कर्ज लोक पुढे कित्येक वर्षं फेडत बसले.

आई इथपर्यंत गप्प होती. तिचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. ती अगदी लहान असताना गाव उठलं, तिला स्वतःला फक्त बैलगाडी आणि देवाची पेटी आठवते, बाकी सगळं आजीने सांगितलेलं. ती एवढंच म्हणाली, आम्ही देव तरी बरोबर नेला, यांना माणसं सोडून जायला लागली.

मग गेलो तो रस्ता बघायला. एव्हरेट स्ट्रीटवरूनच सरळ उत्तरेला निघायचं, पुढे त्याचंच नाव फोंटाना रोड होतं, गाव संपतं, आणि पार्कची हद्द यायच्या आधी एक भलीमोठी पाटी लागते, 'रोड टू नोव्हेअर'मध्ये स्वागत, मोडलेलं वचन, १९४३ ते प्रश्नचिन्ह. पार्कच्या नकाशात याचं अधिकृत नाव लेकव्ह्यू ड्राइव्ह आहे पण गावात ते कुणी घेत नाही. रस्ता एकदम गुळगुळीत, दोन्ही बाजूंना ओक, पॉप्लर, मधूनच माउंटन लॉरेलची पांढरी-गुलाबी फुलं फुललेली, वळणावर डावीकडे खाली तळं. एका ठिकाणी थांबून बघितलं तर पाणी अगदी काठोकाठ. उन्हाळ्यात असंच असतं, हिवाळ्यात पावसाच्या पाण्याला जागा करायला टीव्हीए तळं बरंच खाली उतरवते आणि मग लाल मातीचे काठ उघडे पडतात, जुन्या गावांचे पाये वगैरे दिसायला लागतात.

साधारण सहा मैल झाले की अडथळे लावलेत, गाडी तिथेच ठेवायची. चालत थोडं पुढे गेलं की बोगदा. बाराशे फूट लांब, गाड्यांसाठी बांधलेला, व्यवस्थित काँक्रीटचा, आणि पलीकडे रस्ताच नाही! साठच्या दशकात काम सुरू झालं, बोगदा झाला, आणि मग लक्षात आलं की इथल्या खडकात गंधक आहे, डोंगर कापला की तो उघडा पडतो, पावसात त्याचं आम्ल होऊन ओढ्यात उतरतं आणि मासे मरतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काम थांबलं ते थांबलंच. बोगद्याच्या पलीकडून आता फक्त पायवाटा निघतात, त्यातली लेकशोर ट्रेल तळ्याच्या काठाकाठाने पार धरणाकडे जाते, तंगडतोड करणाऱ्यांसाठी.

आत टॉर्च लागतो. भिंतींवर स्प्रे पेंटने लोकांनी आपापली नावं, बदाम, काय काय लिहिलंय. लेक ओरडून प्रतिध्वनी काढत होती, नवरा तिचे व्हिडिओ काढत होता, आणि बाबा मधोमध थांबून वर टॉर्च मारून अस्तर बघत होते. काम एक नंबर केलंय म्हणाले, पाझर फार नाही. जे बांधलं ते उत्तम बांधलंय, म्हणूनच आणखी विचित्र वाटतं.

परतताना गाडीपाशी एक म्हातारे गृहस्थ भेटले, बायको आणि नातवंडांबरोबर आलेले, बाबांची टोपी बघून कुठले तुम्ही वगैरे गप्पा सुरू झाल्या (मी मधे दुभाषी). त्यांचे आजोबा पलीकडच्या एका डोंगरावर पुरलेले. उन्हाळ्यात ठरलेल्या रविवारी 'डेकोरेशन डे' असतो, प्रत्येक स्मशानाचा आपापला, त्या दिवशी पार्कवाले या कुटुंबांना बोटीतून तळ्यापलीकडे नेतात, पुढे जुन्या कच्च्या वाटेने गाडीतून वर. तिथे मग थडग्यांवरचं गवत काढायचं, फुलं ठेवायची, गाणी म्हणायची, आणि सगळ्यांनी घरून आणलेलं एकत्र बसून जेवायचं. आईने विचारायला लावलं की जेवायला काय नेता. चिकन, बीन्स, कॉर्नब्रेड आणि केक, असं त्यांच्या बायकोने सांगितलं आणि दोघींचं भाषेशिवाय बरंच जमलं.

करार शेवटी पैशांवर मिटला. २०१० मध्ये केंद्र सरकारने कबूल केलं की रस्ता नाही, त्याऐवजी काउंटीला ५ कोटी २० लाख डॉलर. सुरुवातीला त्यातला थोडाच भाग हातात आला, मग काउंटीने सरकारवर दावा लावला, आणि २०१८ मध्ये साडेतीन कोटींहून मोठा शेवटचा हप्ता मिळाला. तो पैसा राज्याच्या खजिनदाराकडे ठेव म्हणून आहे, व्याज काउंटीला. गावात याबद्दल अजून दोन मतं आहेत असं त्या गृहस्थांच्या बोलण्यावरून जाणवलं, काहींना वाटतं जंगल राहिलं ते बरं झालं आणि पैसेही आले, काहींना वाटतं आम्ही पैसे मागितलेच कधी होते. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे, तो रस्ता आज झाला असता तर तिकडेही हॉटेलं आणि गो-कार्ट आले असते, पण म्हणून शब्द मोडला नाही असं होत नाही.

दुपारनंतर डीप क्रीक. गावापासून दोन-तीन मैल, आणि मुलं असतील तर ही जागा चुकवू नका. एका छोट्या फेरीत तीन धबधबे, टॉम ब्रँच, इंडियन क्रीक आणि ज्यूनी व्हँक, चढ फार नाही. लोक टायरच्या ट्यूबवर बसून ओढ्यातून खाली येत असतात, ट्यूब बाहेर भाड्याने मिळते. पाणी बर्फासारखं. आम्ही दोघी माय-लेकी बसलो, किंचाळलो, परत बसलो. बाकीचे काठावर उरलेल्या शेंगा खात होते.

पार्कला प्रवेश फी नाही पण पंधरा मिनिटांच्या वर गाडी उभी करायची तर पार्किंग टॅग लागतो, दिवसाचे ५ डॉलर, आठवड्याचे १५. आठवड्याचाच घ्या.

रविवार

आजचा दिवस चेरोकी लोकांचा. ब्रायसन सिटीहून १९ नंबरच्या रस्त्याने चेरोकी गावाकडे जाताना डाव्या-उजव्या हाताला दुकानं, मोटेल सुरू व्हायच्या आधी नदीकाठी एक मोकळं सपाट शेत लागतं, मधे किंचित उंचवटा. न सांगता गेलं तर कुणाचं लक्षही जाणार नाही. हे किटुवा, चेरोकी लोक ज्याला आपलं मूळ गाव मानतात ते. पूर्वी हा उंचवटा बराच उंच होता आणि त्यावर सभागृह होतं, पुढे शेकडो वर्षं नांगर फिरून फिरून तो बसला. १९९६ मध्ये चेरोकींच्या ईस्टर्न बँडने, म्हणजे इकडेच राहिलेल्यांच्या गटाने, ही तीनशे एकरांवर जमीन विकत घेतली. आपलं मूळ गाव, विकत! आम्ही रस्त्याकडेला थांबून लांबूनच बघितलं, वर जाऊन फोटो काढायची ही जागा नाही.

१८३८ मध्ये अमेरिकन सैन्याने चेरोकींना घराबाहेर काढून ओक्लाहोमाकडे पिटाळलं, साधारण १६ हजार माणसं, त्यातली ४ हजारांच्या आसपास छावण्यांत आणि वाटेत मेली असं मानतात. पण या डोंगरातले काही जण राहिले. कुणी लपून, कुणी आधीच वेगळ्या कायद्याने इथे राहत होते म्हणून. विल्यम हॉलंड थॉमस नावाचा एक गोरा व्यापारी, लहानपणी चेरोकी प्रमुखाने मुलासारखा सांभाळलेला, त्याने त्यांच्यासाठी स्वतःच्या नावावर जमिनी घेतल्या, कारण त्यांना स्वतःला घेता येत नव्हत्या. त्यातूनच आजचा क्वाला बाउंड्री हा त्यांचा भाग उभा राहिला. म्हणजे सरकारने राखून दिलेली जमीन नव्हे, पैसे मोजून घेतलेली.

गावात शिरताना पहिलं दर्शन मात्र निराशाजनक. प्लास्टिकची पिसं, खोटे टॉमहॉक, मोकॅसिन, 'मेड इन' कुठलंतरी भलतंच. शिवाय इथले चेरोकी कधी त्या लांब पिसांच्या शिरपेचात वावरलेच नाहीत, तो मैदानी जमातींचा पेहराव, पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी टुरिस्टला सिनेमातला इंडियन हवा होता म्हणून माणसं तसे कपडे घालून रस्त्यावर फोटोला उभी राहायची. पोटासाठी केलं, दोष कुणाला द्यायचा. १९९७ मध्ये मोठा कसिनो आला आणि चित्र पालटलं, त्याच्या नफ्यातून शाळा, दवाखाना चालतो आणि प्रत्येक सदस्याला वाटा मिळतो.

खरं बघण्यासारखं आहे ते म्युझियम ऑफ द चेरोकी पीपल, आणि समोरच क्वाला आर्ट्स अँड क्राफ्ट्स, कारागिरांची १९४६ पासूनची सहकारी संस्था. सहकारी म्हटल्यावर बाबांचे कान टवकारले. तिथल्या नदीकाठच्या बांबूच्या टोपल्या बघून आई थक्क, आत-बाहेर दुहेरी वीण, रंग अक्रोडाच्या सालीचे आणि मुळांचे. किंमत बघून आम्ही हात मागे घेतला पण कामाच्या मानाने ती जास्त नव्हती.

आणि पाट्या! गावातल्या रस्त्यांच्या, इमारतींच्या पाट्या दोन लिप्यांत आहेत. सिक्वोया नावाच्या चेरोकी माणसाने, ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, १८२१ पर्यंत एकट्याने ही लिपी तयार केली. एका खुणेला एक अख्खं अक्षर, 'गा', 'गे', 'गी' प्रत्येकाला वेगळी खूण, एकूण ८५. लेक मराठी शाळेत रविवारी बाराखडी घोटते, तिला हे ऐकून फार बरं वाटलं, आपल्याला निदान काना-मात्रा लावून भागतं म्हणाली. या भागात चेरोकी सफाईने बोलणारे आता दोनशेसुद्धा नाहीत, बहुतेक वयस्कर, म्हणून मुलांसाठी त्याच भाषेतली न्यू किटुवा अकॅडमी काढलीय.

दुपारी ऑकोनालुफ्टी व्हिजिटर सेंटर. समोरच्या कुरणात एल्क, म्हणजे सांबरासारखी भलीमोठी हरणं. हे प्राणी इथून दोनशे वर्षांपूर्वीच संपले होते, २००१ मध्ये बाहेरून आणून परत सोडले आणि आता ते वाहतूक अडवण्याइतके रुळलेत. मे-जूनमध्ये माद्यांना पिल्लं असतात, पन्नास यार्डांच्या आत जाणं कायद्याने गुन्हा आहे, तरी एक काका मोबाइल घेऊन जवळ जवळ सरकत होतेच आणि रेंजरबाईंनी त्यांना सगळ्यांसमोर असं झापलं की बाबांना फार समाधान वाटलं.

तिथून वर न्यूफाउंड गॅप ही खिंड, जिथे १९४० मध्ये रूझवेल्टने पार्कचं लोकार्पण केलं, एक पाय नॉर्थ कॅरोलायनात एक टेनेसीत वगैरे फोटो झाले. आणि मग कुवोही, ६,६४३ फूट, स्मोकीजमधलं सर्वात उंच शिखर. परवापरवापर्यंत नकाशात क्लिंगमन्स डोम होतं, चेरोकींनी मागणी केली आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचं जुनं नाव अधिकृतपणे परत आलं. पार्किंगपासून अर्धा मैलच वाट, डांबरी, पण चढ असा की दम निघतो, जागोजागी बाक आहेत. आई तीनदा बसली आणि तरी वर पोचली. टोकाला १९५९ चा काँक्रीटचा गोल गोल रँप असलेला मनोरा. वर जाईपर्यंत ढग आले, टेनेसीची बाजू पूर्ण गायब, दक्षिणेला मात्र क्षणभर फट पडली आणि खाली लांबवर फोंटानाचं पाणी चमकलं. आजूबाजूला वाळून पांढरे पडलेले उंच खोड दिसतात ते फ्रेझर फर, बाहेरून आलेल्या एका बारीक किडीने मारलेले. मधे मधे नवीन छोटी झाडं येतायत.

सोमवार

आज ट्रेन, लेकीच्या हट्टावरून. ग्रेट स्मोकी माउंटन्स रेलरोड, ब्रायसन सिटीच्या डेपोपासून नँटाहाला गॉर्जपर्यंत जाऊन येऊन साडेचार तास. मला खरं सांगायचं तर जाताना मजा आली आणि येताना झोप, तोच रस्ता परत. पण एकदा करा. रेल्वे इथे १८८४ मध्ये पोचली आणि त्याआधी गाव बाहेरच्या जगापासून जवळपास तुटलेलं होतं. ती बांधली कैद्यांनी, बहुतेक काळे कैदी. १८८२ च्या डिसेंबरमध्ये डिल्सबोरोजवळ कावी बोगद्याच्या कामाला नेताना त्यांची बोट टकसीगीत उलटली आणि १९ जण बुडाले, पायात बेड्या होत्या. ती जागा आमच्या फेरीच्या उलट दिशेला आहे, आणि गाडीतल्या गमतीदार कॉमेंटरीत तिचा उल्लेख आम्ही तरी ऐकला नाही.

सगळ्यात सुंदर क्षण म्हणजे तळ्यावरचा उंच पूल. धरण झालं तेव्हा जुने रूळही पाण्याखाली गेले, म्हणून लाइन वर सरकवली. खिडकीतून खाली हाउसबोटी, तरंगती घरं, आणि या पाण्याच्या तळाशी कुठेतरी जडसन. डब्यातल्या लोकांना आइस्क्रीम आणि पॉपकॉर्न देत होते.

नँटाहालाला तासभर थांबा. नदीवर नुसत्या राफ्ट आणि कयाक, रंगीबेरंगी हेल्मेटांची गर्दी. वरच्या धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी म्हणून ऐन मेमध्येही हाडं गोठवणारं. इथे १९७२ पासून नँटाहाला आउटडोअर सेंटर आहे, २०१३ मध्ये फ्रीस्टाइल कयाकिंगची जागतिक स्पर्धाही याच नदीवर झाली. अपलाचियन ट्रेल ही लांब पल्ल्याची पायवाट नदी ओलांडते तीही इथेच.

संध्याकाळी गावाच्या टेकडीवरच्या स्मशानात होरेस केफार्टचं थडगं बघितलं, एक मोठा दगड आणि त्यावर पितळी पाटी. हा सेंट लुइसमधला ग्रंथपाल, नोकरी-संसार मोडल्यावर १९०४ मध्ये इथल्या डोंगरात आला, हेझल क्रीकच्या वर एका खोपटात राहिला, डोंगरी लोकांवर लिहिलं आणि नंतर लाकूड कंपन्या जंगल कसं साफ करतायत ते बघून नॅशनल पार्कसाठी जिवाचं रान केलं. १९३१ मध्ये अपघातात गेला. पार्क झालं १९३४ मध्ये. आणि दहा वर्षांनी ज्या हेझल क्रीकच्या लोकांमध्ये तो राहिला तेच लोक तिथून उठले आणि ती जमीन पार्कात गेली. त्याला हे चाललं असतं का, यावर जेवताना नवरा आणि बाबांचं जुंपलं. मेमोरियल डे असल्यामुळे आसपासच्या थडग्यांवर छोटे झेंडे लावलेले होते.

मंगळवार

शेवटी धरण. २८ नंबरच्या वळणावळणाच्या रस्त्याने पाऊण-एक तास, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घेऊन निघावं. मोटरसायकलवाले झुंडीने, कारण इथून पुढे डील्स गॅपला ११ मैलांत ३१८ वळणं असलेला प्रसिद्ध रस्ता आहे.

फोंटाना ४८० फूट उंच, रॉकी पर्वतांच्या पूर्वेला एवढं उंच धरण दुसरं नाही. लांबी २,३६५ फूट. बाबा गाडीतून उतरले आणि पहिली दहा मिनिटं कुणाशी बोललेच नाहीत. मग सुरू झाले. कोयना १०३ मीटर, हे झालं साधारण १४६. पाणी मात्र एकर-फुटात लिहिलेलं, त्यांनी फोनच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब करून सांगितलं, साठ-बासष्ट टीएमसी, म्हणजे कोयनेपेक्षा बरंच कमी, उंच आहे पण दरी अरुंद. दरवाजे कुठे दिसेनात म्हणून अस्वस्थ झाले, मग कळलं की जास्तीचं पाणी एका बाजूच्या बोगद्यांतून खाली सोडतात. आमच्या लेकीला एवढं समजावून सांगितलं की शेवटी तीच एका अमेरिकन कुटुंबाला समजावत होती.

धरणावरून चालत जाता येतं, आणि अपलाचियन ट्रेल जाते तीच इथून, जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणारे भलीथोरली पाठपिशवी घेतलेले लोक हे धरण ओलांडून पार्कात शिरतात. त्यांच्यासाठी जवळच एक निवारा आहे, त्याला लाडाने 'फोंटाना हिल्टन' म्हणतात कारण तिथे गरम पाण्याची अंघोळ मिळते. कामगारांसाठी युद्धकाळात वसवलेली वसाहत आता फोंटाना व्हिलेज नावाचं रिसॉर्ट झालीय, काही जुन्या कामगार-घरांतच आता टुरिस्ट राहतात.

व्हिजिटर सेंटरमध्ये बांधकामाचे फोटो आहेत, युद्धाची पोस्टर आहेत, बादल्या, क्रेन, हेल्मेटमधले हसरे कामगार. उठलेल्या गावांबद्दल आहे, पण थोडं. बाबा म्हणाले आमच्याकडे तरी कुठे असतं. त्यांनी नोकरीत पुनर्वसनाचे पंचनामे केलेत, झाडं मोजायची, विहीर मोजायची, गोठा मोजायचा. देव्हाऱ्याला दर नव्हता म्हणाले. आई पलीकडच्या कठड्याशी उभी राहून पाणी बघत होती, ती म्हणाली तुम्ही मोजायला यायच्या आधीच आम्ही निघालो होतो, आणि मग दोघं जुन्या सवयीने भांडायला लागली की कोयनेचं साल नक्की कुठलं.

धरणाजवळच्या मरिनाहून बोटीने हेझल क्रीकला जाता येतं, तिथे प्रॉक्टर गावातलं एक घर अजून उभं आहे आणि लाकूड कंपनीच्या कारखान्याचे अवशेषही. वीकेंडला जायचं तर बोट आधीच ठरवून ठेवा, उतरल्यावर चालणं आहे, खायचं-प्यायचं बरोबर न्या, पलीकडे दुकान नाही आणि फोनला रेंजही नाही. आम्ही वेळेअभावी सोडलं. रॉबिन्सविल, मर्फी, ब्लेअर्सविल करत घरी पोचायला रात्र झाली. आईने त्या म्हाताऱ्या बाईंकडून कॉर्नब्रेडची कृती लिहून आणलीय, त्यात साखर अजिबात घालायची नाही असं दोनदा बजावलंय म्हणे.